मार्कर मॅपिंगसाठी समूह कसा निवडावा : रब्बी ज्वारीच्या उदाहरणातून

जनुकीय मार्करांच्या, म्हणजे डीएनएवरील ओळखखुणांच्या, कामाला नव्याने लागलेला विद्यार्थी पहिला प्रश्न बहुधा असा विचारतो, की 'एफ२ घेऊ की आरआयएल?' (एफ२ म्हणजे संकराची दुसरी पिढी, आणि आरआयएल म्हणजे अनेक पिढ्या स्वपरागण करून स्थिर केलेल्या लाइन.) हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याची पाळी बरीच नंतर येते. आपण कोणता गुण शोधत आहोत आणि तो गुण एका रोपावर मोजता येतो की नाही, हे आधी ठरले, तर समूहाचा, म्हणजे मॅपिंगसाठी वाढवलेल्या संततीचा, प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो. ते न ठरवता सोयीचा समूह तयार केला, तर तीन वर्षांनी बियाणे हाती असते, डीएनए हाती असतो, आणि ज्या प्रश्नासाठी हा खटाटोप केला त्याचे उत्तर मात्र त्यातून निघत नाही.

मूळ कल्पना साधी आहे. एखाद्या गुणात भिन्न असलेल्या दोन पालकांचा संकर केला, की पुढच्या पिढ्यांत त्यांच्या गुणसूत्रांचे तुकडे पारगतीमुळे (जोडीच्या गुणसूत्रांतील तुकड्यांच्या अदलाबदलीमुळे) निरनिराळ्या जोडण्यांत वाटले जातात. जो मार्कर शोधत असलेल्या जनुकाच्या जवळ असतो तो त्याच्यासोबतच पुढे जातो, आणि जो दूर असतो त्याची ताटातूट होते. कोणत्या रोपांत कोणता मार्कर आहे आणि त्या रोपांत गुण कसा दिसतो, यांची सांगड घालून जनुकाचा पत्ता काढणे म्हणजे मॅपिंग. ही ताटातूट जितकी जास्त आणि गुणाची मोजणी जितकी भरवशाची, तितका पत्ता नेमका. समूहाची निवड म्हणजे या दोहोंचा मेळ घालणे होय.

उदाहरणासाठी रब्बी ज्वारीतील खोडमाशीचा प्रतिकार घेऊ. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा या पट्ट्यात ज्वारी करणाऱ्याला ही कीड सांगावी लागत नाही. माशी कोवळ्या रोपाच्या पानाखाली अंडे घालते, अळी पोंग्यात शिरून वाढीचा कोंब कापते आणि मधला पोंगा वाळतो. याला आपण पोंगेमर म्हणतो.

आधी गुण, मग समूह

पोंगेमर मोजतात ती टक्केवारीत, म्हणजे एका ओळीतील शंभर रोपांपैकी किती रोपांचे पोंगे वाळले, अशी. आता एफ२ समूहाचा विचार करा. त्यात प्रत्येक रोप जनुकीयदृष्ट्या वेगळे असते आणि तशा घडणीचे दुसरे रोप कुठेही नसते. एका रोपाला टक्केवारी नसते. त्याचा पोंगा एक तर मरतो किंवा वाचतो. तो वाचला, तर त्याच्यात प्रतिकार होता म्हणून वाचला की माशी त्याच्याकडे फिरकलीच नाही म्हणून, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. शिवाय ज्याचा पोंगा मेला त्याच्याकडून बियाणे मिळण्याची शाश्वती नाही. म्हणजे या गुणासाठी एफ२ रोपांवर थेट नोंदी घेणे पहिल्याच कसोटीला बाद ठरते.

याउलट रोपावस्थेतील पानांची चकाकी हा गुण एका रोपावरही बऱ्यापैकी ओळखता येतो. पानांवरील लव सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते आणि तिची मोजणीही रोपागणिक होऊ शकते. हे दोन्ही गुण खोडमाशीच्या प्रतिकाराशी जोडलेले आहेत. तेव्हा 'मला प्रतिकार शोधायचा आहे' असे मोघम न लिहिता 'मला पोंगेमरीची टक्केवारी, पानांची चकाकी आणि लवेची घनता हे तीन गुण, किमान दोन हंगाम आणि दोन ठिकाणी मोजायचे आहेत' असे वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढावे. हे वाक्य लिहिताच कळते, की एकच जनुकीय घडण अनेक रोपांत, अनेक ओळींत आणि अनेक हंगामांत पुन्हा पेरता यायला हवी.

पालकांची निवड

पालक गुणात स्पष्ट भिन्न हवेत, हे सर्वांना ठाऊक असते. ते मार्करांतही भिन्न हवेत, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात येते. संकर करण्यापूर्वीच संभाव्य पालकांवर चाळीस-पन्नास मार्कर चालवून त्यांतले किती भिन्नता दाखवतात ते पाहावे. एकाच गटातल्या दोन स्थानिक वाणांत ही भिन्नता इतकी कमी निघू शकते, की नकाशात मोठमोठे रिकामे पट्टे राहतात आणि नेमके आपले जनुक तिथेच दडून बसते.

पण भिन्नतेलाही मर्यादा हवी. रानटी किंवा फार दूरच्या पालकाशी संकर केला, तर उंची, फुलोऱ्याचा काळ आणि दाणे गळणे अशा बाबतींत संततीत इतकी उलथापालथ होते, की आपल्याला हवा तो गुण त्या गोंधळात बुडतो. ज्वारीत उंचीवर आणि पक्वतेवर मोठा परिणाम करणारी जनुके आहेत. दुष्काळात धाटे व पाने हिरवी राहण्याचा गुण शोधताना ही अडचण प्रकर्षाने येते, कारण उशिरा फुलणारी लाइन मोजणीच्या दिवशी हिरवी दिसते ती बहुधा केवळ वयाने लहान असल्यामुळे. पालकांच्या फुलोऱ्यात तीन आठवड्यांचा फरक असेल, तर आपण हिरवेपणाचे जनुक शोधतो आहोत की फुलोऱ्याचे, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. म्हणून फुलोऱ्यात जवळजवळचे पालक मिळत असतील, तर गुणातील फरक थोडा कमी असला तरी मी ते पसंत करतो.

खोडमाशीच्या कामात आयएस १८५५१ हा प्रतिकारक्षम पालक आणि २९६ बी किंवा बीटीएक्स ६२३ हे बळी पडणारे पालक बरेच वापरले गेले आहेत. बीटीएक्स ६२३ चा आणखी एक फायदा असा, की ज्वारीचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००९ मध्ये याच वाणावरून प्रसिद्ध झाला, त्यामुळे सापडलेला मार्कर थेट त्या आराखड्यावर बसवता येतो. मालदांडी म्हणजेच एम ३५-१ पालक म्हणून घ्यायचा असेल, तर एक खबरदारी आवश्यक आहे. हा वाण मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला आहे, आणि अशा निवड वाणांच्या पिशवीतल्या सगळ्या बिया जनुकीयदृष्ट्या एकसारख्या असतीलच असे नाही. म्हणून पिशवीतल्या बियांवर विसंबू नये. एकच झाड निवडून, त्याच्या कणसावर कागदी पिशवी चढवून, दोन-तीन पिढ्या स्वपरागण करून घ्यावे आणि त्याच झाडाचा डीएनए 'पालक' म्हणून जपून ठेवावा.

संकर आणि त्याची खातरजमा

ज्वारीचे फूल लहान असते. हाताने पुंकेसर काढणे जिकिरीचे असते आणि एखादा परागकोश राहून गेला तर मातेचेच स्वपरागित दाणे भरतात. त्यामुळे कणसावरील मिळालेले सगळे दाणे संकरित आहेत असे कधीही गृहीत धरू नये. एफ१, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीची, रोपे उगवल्यावर प्रत्येकाचे छोटे पान घेऊन दोन्ही पालकांचे डीएनए-पट्टे वेगवेगळे दाखवणारे चार-पाच मार्कर तपासावेत. खऱ्या एफ१ मध्ये दोन्ही पट्टे दिसतात. रोप उंच आणि जोमदार आहे म्हणून ते संकरित असणार, हा शेतातला अंदाज आहे, पुरावा नव्हे.

खातरजमा झाल्यावर शक्यतो एकाच एफ१ झाडापासून सगळा समूह वाढवावा. ज्वारीच्या एका चांगल्या कणसात हजाराच्या आसपास दाणे असतात, तेव्हा बियाण्याची अडचण नसते. एकाच झाडामुळे प्रत्येक जागी फक्त दोनच युग्मविकल्पी (जनुकाची रूपे) असल्याची खात्री राहते आणि पुढचे सगळे गणित या एका गृहीतकावर उभे असते.

समूहांचे प्रकार

एफ२ समूह सर्वांत लवकर तयार होतो. एफ१ चे स्वपरागण केले, की बियाणे हाती. यात दोन्ही समयुग्मी (दोन्ही प्रती एकाच पालकाच्या) आणि विषमयुग्मी (दोन्ही पालकांची एकेक प्रत) असे तिन्ही प्रकार १:२:१ या प्रमाणात येतात, त्यामुळे जनुक प्रभावी आहे की अप्रभावी हेही कळते. मार्कर मात्र विषमयुग्मी रोप वेगळे ओळखणारा हवा. केवळ असणे-नसणे दाखवणारा मार्कर ३:१ प्रमाण देतो आणि निम्म्याहून अधिक रोपांविषयीची माहिती संदिग्ध राहते. एका जनुकावर चालणारा, रोपागणिक स्पष्ट दिसणारा गुण असेल, तर एफ२ पुरेसा आहे आणि त्याहून मोठा घाट घालण्याची गरज नाही. अशा गुणासाठी तर प्रत्येक रोपाची पूर्ण तपासणीही लागत नाही. दोन्ही टोकांची प्रत्येकी दहा रोपे निवडून त्यांचे डीएनए दोन वेगळ्या नळ्यांत एकत्र करायचे आणि दोन नळ्यांत जो मार्कर वेगळा दिसेल तेवढाच पुढे तपासायचा. ही पद्धत १९९१ मध्ये रिचर्ड मिशेलमोर आणि सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या केवडा रोगासाठी मांडली. गुणाशी काहीही संबंध नसलेला, असणे-नसणे दाखवणारा मार्कर दहा-दहा रोपांच्या दोन नळ्यांत योगायोगाने वेगळा दिसण्याची शक्यता दहा लाखांत साधारण दोन इतकीच येते.

एफ२ आणि आरआयएल यांच्या मधला मार्ग म्हणजे एफ३ कुटुंबे. डीएनए एफ२ झाडाचा घ्यायचा आणि मोजणी त्याच्या कणसातून आलेल्या ओळीवर करायची. आपल्या उदाहरणात एका कणसाचे दाणे दोन-तीन ओळींना सहज पुरतात आणि पोंगेमरीची टक्केवारी काढता येते. वेळ वाचतो, पण प्रत्येक ओळीच्या आतही विभक्तीकरण, म्हणजे जनुकांची वेगवेगळी वाटणी, चालूच असते आणि ते बियाणे संपले की तीच जनुकीय घडण पुन्हा मिळत नाही. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी हा मार्ग मी सुचवेन, त्याहून लांबच्या कामासाठी नाही.

बॅकक्रॉस समूहात एफ१ चा एका पालकाशी पुन्हा संकर करतात. प्रमाण १:१ येते आणि विश्लेषण सोपे होते, पण प्रत्येक रोपात एफ१ कडून आलेला एकच युग्मक (प्रजननपेशी) माहिती देतो, जिथे एफ२ मध्ये दोन्ही युग्मक देतात. मॅपिंगपेक्षा सापडलेले जनुक चांगल्या वाणात नेण्यासाठी बॅकक्रॉस अधिक कामाचा. पहिल्या बॅकक्रॉसनंतर आवर्ती पालकाचा (ज्याच्याशी पुन्हा पुन्हा संकर करतात त्याचा) सरासरी वाटा ७५ टक्के होतो, दुसऱ्यानंतर ८७.५ आणि तिसऱ्यानंतर ९३.७५ टक्के. रानटी पालक वापरणे अटळच असेल, तर दोन बॅकक्रॉस करून मग मॅपिंग करण्याची पद्धत स्टीव्हन टँक्सली आणि जे. सी. नेल्सन यांनी १९९६ मध्ये मांडली आहे, आणि तिचा विचार जरूर करावा.

आता आरआयएल, म्हणजे रिकॉम्बिनंट इनब्रेड लाइन. एफ२ च्या प्रत्येक झाडापासून एक दाणा, त्याच्या झाडापासून पुन्हा एक दाणा, अशा रीतीने एफ६ किंवा त्यापुढे जायचे. विषमयुग्मी जागांचे प्रमाण दर पिढीला निम्मे होत जाते, म्हणजे एफ२ मध्ये ५० टक्के, एफ४ मध्ये १२.५ आणि एफ६ मध्ये ३ टक्क्यांच्या जरा वर. लाइन स्थिर झाली, की तिचे बियाणे हवे तितके वाढवता येते, राहुरीत पेरता येते, सोलापुरात पेरता येते, आणि पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला दुसराच गुण मोजायचा असेल तर मार्करांचे काम पुन्हा करावे लागत नाही. खोडमाशीसाठी २९६ बी आणि आयएस १८५५१ यांच्या संकरातून १६८ आरआयएलचा समूह तयार झाला. त्यातून पानांच्या चकाकीशी आणि पोंगेमरीशी संबंधित महत्त्वाचा भाग पाचव्या गुणसूत्रावर, तर लवेशी संबंधित भाग दहाव्या गुणसूत्रावर मिळाला. एकाच लाइनवर तिन्ही गुण पुन्हा पुन्हा मोजता आले म्हणूनच हे शक्य झाले.

आरआयएलचा दुसरा लाभ कमी सांगितला जातो. अनेक पिढ्यांत पारगतीला अनेकदा संधी मिळते, त्यामुळे जवळजवळच्या जागांची ताटातूट साधारण दुपटीने दिसते. जे. बी. एस. हॉल्डेन आणि सी. एच. वॉडिंग्टन यांनी १९३१ मध्येच याचे सूत्र दिले आहे. एका पिढीतील पुनःसंयोजनाचे, म्हणजे या ताटातुटीचे, प्रमाण १ टक्का असेल, तर स्वपरागणाने स्थिर केलेल्या लाइनमध्ये ते सुमारे २ टक्के दिसते आणि १० टक्के असेल तर १६.७ टक्के. म्हणूनच संगणकाला समूहाचा प्रकार अचूक सांगावा लागतो. आरआयएलची माहिती बॅकक्रॉस म्हणून भरली, तर नकाशा विनाकारण लांबतो. ही चूक नवख्यांकडून हमखास होते.

उरतो तो डीएच (डबल्ड हॅप्लॉइड), म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या एकगुणित रोपाची गुणसूत्रे दुप्पट करून एका झटक्यात मिळवलेली पूर्ण समयुग्मी लाइन. बार्ली, मोहरी, मका आणि काही प्रमाणात भात यांत ही पद्धत रुळलेली आहे. ज्वारीत ती अजून नित्याची नाही, तेव्हा नव्याने काम सुरू करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. अनेक पालकांचे समूहही आहेत. मक्यात बी७३ या एका वाणाशी २५ निरनिराळ्या पालकांचे संकर करून सुमारे ५००० लाइनचा समूह तयार झाला. तो संस्थेच्या ताकदीचा उद्योग आहे, एका विद्यार्थ्याच्या नव्हे.

एक दाणा पुढे नेताना

आरआयएलचे खरे नुकसान कागदावर होत नाही, शेतात होते. प्रत्येक लाइनचे दोन-तीन दाणे टोकावेत, उगवल्यावर एकच रोप ठेवावे, आणि ते कोणते ठेवायचे हे डोळ्यांनी ठरवू नये. चांगले दिसणारे रोप ठेवण्याचा मोह प्रत्येक प्रजननकाराला होतो, कारण आयुष्यभर त्याने तेच केलेले असते. पण इथे निवड म्हणजे समूहाचा तोल बिघडवणे होय. काठीच्या डाव्या बाजूचे रोप ठेवायचे, असा मख्ख नियम करून टाकावा.

वर्षात दोन पिढ्या घेताना रब्बीची ज्वारी रब्बीबाहेर पेरावी लागते. दिवसाच्या लांबीला संवेदनशील लाइन तेव्हा फार उंच होतात, उशिरा फुलतात किंवा दाणेच भरत नाहीत. अशा लाइन आपण होऊन टाकल्या नाहीत तरी त्या गळतात, आणि पक्वतेच्या जनुकांभोवतीचे मार्कर एका पालकाकडे झुकतात. म्हणून शेवटी २०० लाइन हव्या असतील, तर २६०-२८० एफ२ झाडांपासून सुरुवात करावी आणि उशिरा फुलणाऱ्यांसाठी शेत आठ-पंधरा दिवस अधिक राखून ठेवावे. ज्वारीत परपरागणही होते. फुलोऱ्यापूर्वी प्रत्येक कणसावर पिशवी चढलीच पाहिजे. शाई पुसली जाणारी लेबले वापरून मी एकदा एका पिढीतील चाळीस लाइन गमावल्या, तेव्हापासून पेन्सिल आणि दुहेरी लेबल याखेरीज काही वापरत नाही.

किती लाइन लागतील

केवळ नकाशाचा सांगाडा उभा करायचा असेल, तर १०० ते १५० पुरतात. परिणाम मोजायचे असतील, तर नाही. १९९४ मध्ये विल्यम बीविस यांनी संगणकीय अनुकृतींतून दाखवले, की सुमारे १०० संततींच्या समूहात सापडलेल्या जनुकस्थानांचा परिणाम वास्तवाहून कितीतरी मोठा भासतो, ५०० संततींत ही फुगवटी थोडी राहते आणि १००० मध्ये अंदाज खऱ्याच्या जवळ येतो. याचे कारण असे, की लहान समूहात जे योगायोगाने मोठे दिसते तेवढेच आपल्या कसोटीतून पार होते आणि तेच आपण प्रसिद्ध करतो. ज्वारीच्या हिरवेपणाची स्टेजी१ ते स्टेजी४ ही स्थाने बी ३५ आणि टीएक्स ७००० यांच्या ९८ लाइनच्या समूहातून पुढे आली. ती पुढे टिकली, कारण निरनिराळ्या वाणांत नेऊन ती पुन्हा पारखली गेली. लहान समूहाची भरपाई अशी नंतरच्या कष्टांनी करावी लागते.

अंतराच्या अचूकतेचे गणितही ध्यानात ठेवावे. एका युग्मकाची माहिती देणाऱ्या समूहात पुनःसंयोजनाचे प्रमाण १० टक्के असेल, तर १०० रोपांत त्या अंदाजाची प्रमाण त्रुटी ३ टक्के येते आणि ४०० रोपांत दीड टक्का. म्हणजे त्रुटी निम्मी करायला रोपे चौपट लागतात.

आता हे जमिनीवर आणू. २०० लाइन, दोन पुनरावृत्ती आणि तीन ठिकाणे, म्हणजे १२०० वाफे. खोडमाशीचा दाब सर्वत्र सारखा हवा म्हणून मुख्य पेरणीच्या सुमारे वीस दिवस आधी बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी मध्ये मध्ये पेरतात आणि रोपे उगवल्यावर आठवडाभराने ओलसर मासळीची पूड पसरून माश्यांना बोलावतात. (या दिवसांत शेजारचे शेतकरी आपल्याशी फारसे बोलत नाहीत, हेही गृहीत धरावे.) हे सगळे झेपत नसेल, तर लाइन कमी करण्याआधी पुनरावृत्ती कमी करावी. ठरावीक वाफ्यांत नकाशासाठी अधिक लाइन जास्त माहिती देतात. मोजणीच इतकी डळमळीत असेल, की त्याच लाइनची दोन वाफ्यांतील टक्केवारी जुळतच नाही, तर मात्र पुनरावृत्ती वाढवण्याला पर्याय नाही.

पेरण्यापूर्वी समूहाची तपासणी

लाइन तयार झाल्यावर थेट शेतात धाव घेऊ नये. आधी गुणसूत्रांवर पसरलेले पन्नासेक मार्कर सर्व लाइनवर चालवावेत आणि तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कोणत्याही लाइनमध्ये दोन्ही पालकांत नसलेला पट्टा दिसतो काय. दिसत असेल, तर तिथे परके पराग किंवा परके बी शिरले आहे आणि ती लाइन काढून टाकावी. दुसरी, एफ६ मध्ये एखादी लाइन १५-२० टक्के जागी विषमयुग्मी दिसते काय. तशी असेल, तर अलीकडच्या पिढीत पिशवी फाटलेली असणार. तिसरी, प्रमाण १:१ आहे काय. २०० लाइनमध्ये एका मार्करचे वाटप ११८ आणि ८२ असे आले, तर काय-वर्गाचे (अपेक्षित प्रमाणापासूनचा फरक पारखणाऱ्या संख्याशास्त्रीय चाचणीचे) मूल्य ६.४८ येते, जे ३.८४ या मर्यादेच्या वर आहे. पण एखाद-दुसऱ्या मार्करने घाबरू नये, कारण ही मर्यादा पाच टक्क्यांची आहे आणि पन्नासांत दोन-तीन मार्कर योगायोगानेही तिच्याबाहेर जातात. शेजारी शेजारी असलेले पाच-सहा मार्कर एकाच पालकाकडे झुकलेले असतील, तर तिथे निवड झालेली आहे असे समजावे आणि तो भाग नोंदवून ठेवावा. तो फेकून देऊ नये, कारण कधी कधी बीजधारणेवर परिणाम करणारे जनुक तिथेच असते.

या तपासणीतून उरलेल्या प्रत्येक लाइनचे बियाणे वाढवून वाळवावे आणि दोन निरनिराळ्या ठिकाणी शीतगृहात ठेवावे. ज्या झाडाचा डीएनए काढला त्याच झाडाचे बियाणे त्या क्रमांकाखाली आहे, हे वहीत आणि पाकिटावर दोन्हीकडे लिहिलेले असावे. दर वेळी नव्याने बियाणे वाढवल्यावर दहा-बारा मार्करांनी पाच टक्के लाइनची ओळख पुन्हा पटवून घ्यावी.